फायरप्लेसमधले देव

आमचं घर लिस्टेड आहे. म्हणजे जुनं आणि मोलाचं म्हणून सरकारनं आपल्या यादीत घातलेलं. ही बातमी मी पुण्याला फोन करून सांगितली तेव्हा माझ्या बहिणीला वाटलं आम्हाला कसलं तरी बक्षीस मिळालं. बक्षीस कसलं, जन्मठेप म्हणा. खिडकी तुमची, पण तिची काच बदलायची तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचारा. दार तुमचं, रंग त्यांना पटेल तो. शिवाय आधीच्या मालकांनी जे काही पाडलं-जोडलं असेल तेही घराबरोबर तुमच्या गळ्यात. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, दुसऱ्यांचं निस्तरायची सवय होती, तरी एवढी नव्हती.

इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या एका चढावर ही नऊ घरांची रांग आहे. घरं एकमेकांना खांदा लावून उभी, दोन घरांत भिंत एकच. पुढून बघाल तर फिकट पिवळा घडीव दगड, एका रेषेत उंच खिडक्या, दारावर अर्धगोल काच. मागच्या गल्लीत जा आणि मग बघा. हाताला लागेल तो धोंडा चुन्यात कोंबलेला, एक खिडकी दुसरीच्या पातळीत नाही, पाइपांचं नुसतं जंजाळ. वरून कीर्तन, आतून तमाशा. घर बांधणारा साखरेचा व्यापारी होता असं जुन्या कागदांत आहे, आणि ती साखर कोणत्या गुलामांच्या पाठीवरचे वळ घेऊन यायची हे या शहरात आता कोणाला सांगावं लागत नाही. मी चहात साखर घेत नाही. कारण डायबेटिस आहे, पण पाहुण्यांना मी साखरेच्या व्यापाऱ्याचं कारण सांगते.

अशा घरात आधीची माणसं निघून जातात आणि त्यांच्या सोयी मागे राहतात. तळघरातल्या स्वयंपाकघरात छताला लागून सात घंटा आहेत, वरच्या खोल्यांतून नोकरांना बोलवायच्या. तारा केव्हाच तुटल्या, पण घंटा काढायला परवानगी नाही. दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे, बाहेरून चौकट, आतून भिंत. ती कधी आणि का बुजवली ते कोणाला माहीत नाही, पण बुजवलेलीच ठेवायची असा नियम आहे. आणि जिना. आपण चढून वर गेलो, की जरा वेळानं खालच्या पायऱ्या एकेक करत करकरतात, आपल्या मागून कोणी सावकाश येत असल्यासारख्या. माझा नवरा विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तो म्हणायचा, दाबलेलं लाकूड हळूहळू पूर्ववत होतं, बाकी काही नाही. भुतांवर माझाही विश्वास नाही. तरी मी प्रत्येक वेळी मागे वळून बघायची.

डावीकडच्या घरात एक म्हातारा एकटा राहायचा. अजून राहतो. बायको आम्ही येण्यापूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही. त्याच्या घरातली एक कडीसुद्धा बदललेली नाही आणि रांगेतल्या इतरांनीही बदलू नये यावर त्याची बारीक नजर. बिनपगारी आणि फुल अधिकारी. आम्ही पुढच्या भिंतीला डिश अँटेना लावला, आठवड्यात कौन्सिलचं पत्र. बॉयलरचा पाइप पुढच्या भिंतीतून बाहेर काढला, दुसरं पत्र. त्या दुसऱ्या पत्राच्या वेळी मी त्याच्या दारात जाऊन अशी काही भांडले, की रस्त्यापलीकडच्या बाईनं पडदा सरकवून पाहिलं. त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त मान हलवून बोललो, तेही कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना.

पण आमचा खरा गुन्हा त्याला कधी दिसलाच नाही, कारण तो घराच्या आत होता.

झालं असं, की घर घेतल्यावर वास्तुशांतीला सासूबाई पुण्याहून आल्या. मी आणि नवरा एकाच कॉलेजातले, त्यामुळे मी त्याला अरेतुरे करायची आणि ते त्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही. पण त्या वेळी त्यांचं सगळं लक्ष दिशांवर होतं. हातात होकायंत्र घेऊन त्यांनी तळघरापासून माळ्यापर्यंत घर पालथं घातलं आणि तळमजल्याच्या मागच्या खोलीत येऊन थांबल्या.

"ईशान्य इथे आहे. देव इथेच बसणार," त्या म्हणाल्या. "आणि इथे बघ तुझी भट्टी."

भट्टी म्हणजे फायरप्लेस, भिंतीतली शेकोटी. एरवी ती भिंतीच्या मधोमध असते, पण फार जुन्या घरांत कोपऱ्यात तिरकी बसवलेली आढळते. आमची तशी आहे. शेजारच्या घरातही त्याच कोपऱ्याला पाठ लावून तशीच दुसरी. दोन घरांची धुराडी मधल्या भिंतीतून शेजारी शेजारी वर जातात, मध्ये एका विटेचा पडदा, आणि छतावर दोघांची चिमणी एकच.

नवऱ्यानं तोडगा काढला. देव फायरप्लेसमध्येच बसवायचे. सासूबाई दोन दिवस कबूल होईनात. ईशान्येला देव हे ठीक, पण अग्नीच्या जागी देव? शेवटी पुण्याच्या गुरुजींना फोन झाला. ते म्हणाले, चूल विझलेली असेल तर तो नुसता कोनाडा, बसवा. मग दोन शनिवार खपून नवऱ्यानं लोखंडी जाळी काढली, आतली काजळी घासली, वर धुराड्याच्या तोंडाला लाकडी फळी ठोकली, फटी सिमेंटनं लिंपल्या आणि आत पांढराशुभ्र प्लास्टिक पेंट मारला. परवानगी मागितली नाही. अर्जात कारण काय लिहिणार होतो? देवांना दिशा हवी?

मी हसले होते तेव्हा. पण चौरंगावर देव मांडल्यावर, बाजूनं तो जुना करडा संगमरवर, मध्ये निरांजन, ते दृश्य इतकं छान दिसलं की माझं हसू राहून गेलं. माझ्या माहेरची, लग्नात बरोबर दिलेली अन्नपूर्णा त्यात पुढे बसली होती.

पूजा तो करायचा. मी कधी केली नाही, मला त्यात गम्य नव्हतं. रोज सकाळी सातला आंघोळ करून तो त्या कोपऱ्यापुढे बसायचा, घंटा वाजवायचा आणि घंटेनंतर न चुकता घसा खाकरायचा. दोन आखूड, एक लांब. मी तळघरात चहा टाकत असायची, तिथपर्यंत ते ऐकू यायचं. पूजेनंतर तिथेच जवळ त्याची खुर्ची होती, त्यात बसून पेपर.

आता तो रविवार सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. त्याला खोकला झाला होता, औषध चालू होतं, विश्रांती घ्या म्हणून सांगितलं होतं. दुपारी दोन वाजता आमचा बहिणींचा व्हिडिओ कॉल असतो, दर रविवारी. मी पुढच्या खोलीत लॅपटॉप लावून बसले होते. मागच्या खोलीत तो, खुर्चीत. दोन खोल्यांच्या मध्ये दुहेरी दार आहे, जाड ओकचं, मूळ घराचं. ते उघडं होतं. तो खोकत होता. थांबायचा, परत खोकायचा. भाच्याच्या लग्नाच्या जेवणाची चर्चा चालली होती, श्रीखंड की बासुंदी, आणि मला नीट ऐकू येईना.

मी उठले. दारात जाऊन म्हणाले, "किती खोकतोस रे. मला काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये."

त्यानं हात वर केला, बरं बाई अशा अर्थी. मी दार लावून घेतलं. फार उत्तम बनावटीचं दार आहे. लागलं की पलीकडचा आवाज येत नाही.

साडेतीनला चहा घेऊन आत गेले. चहा अजून वाफाळत होता. तो खुर्चीतच होता, पण गेलेला.

हृदय बंद पडलं असं पुढे समजलं. कधी, ते कोणालाच नक्की सांगता आलं नाही. त्यानं मला हाक मारली का, हे मला माहीत नाही. हेच ते. बाकी सगळं मी सोसू शकते, हे नाही सोसत.

मुलगी रीडिंग नावाच्या गावात असते, इंग्लंडातच जन्मलेली. संध्याकाळी ती आली, कोट न काढता जिन्यात उभी राहिली आणि पहिला प्रश्न तोच विचारला. "आई, बाबा अलोन होता का?"

"नाही गं," मी म्हणाले. "मी जवळच होते."

बारा फूट. मी नंतर टेप लावून मोजलं.

तेरावा झाला, बहिणी परत गेल्या. मला वाटलं देव आता मुलीकडे द्यावेत. ती म्हणाली, मला पूजा येत नाही, तूच ठेव. मग एका सकाळी त्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. पंधरा-वीस दिवस कोणी हात लावला नव्हता. अन्नपूर्णेच्या अंगावर जुन्या गंधाची खपली धरली होती. देव पारोसे राहिले, एवढंच मनात आलं. श्रद्धा नव्हे, घर झाडायचं राहिलं की येते तशी अस्वस्थता. त्या दिवसापासून मी पूजा करायला लागले, त्याच्याच वेळेला, त्याच्याच पाटावर.

दोनेक महिने गेले. मे महिन्यातली सकाळ, खोलीभर ऊन. मी घंटा वाजवली, खाली ठेवली. आणि देवांच्या मागून, फायरप्लेसच्या आतून, कोणी खाकरलं. दोन आखूड, एक लांब.

माझ्या हातून तांब्या पडला. पाणी जुन्या फळ्यांच्या फटींतून खाली तळघरात टपटपत राहिलं आणि मी तशीच बसून होते. मग माझ्या तोंडून निघालं, "आलास?"

दुसऱ्या दिवशी घंटेनंतर परत खोकला आला. तिसऱ्या दिवशीही.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल तेवढंच खरं मानलं. जुनी भिंत, पोकळ धुराडं, शेजारचं घर, हे सगळं मला दोन मिनिटांत सुचलं असतं. कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं. कधीकधी भिंतीतून पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं, लांबच्या खोलीत माणसं बोलत असावीत तसं. मी कान देत नसे. मला फक्त तो खोकला हवा होता.

मी त्याच्याशी बोलायला लागले. आधी साधंच. सीगल पक्ष्यांनी परत चिमणीवर घाण केली. मुलीनं नोकरी बदलली. तुझा हिरवा स्वेटर मी चॅरिटीच्या दुकानात दिला आणि नंतर परत जाऊन विकत आणला. मग एक दिवस ते सांगितलं. मी दार लावलं रे. श्रीखंड-बासुंदीसाठी लावलं. तू हाक मारलीस का? मला माफ कर.

निरांजन विझत आलं. मग खोकला. हलका, एकच.

त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पण माफी एकदा मिळून भागत नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, नीट ऐकलं ना त्यानं? परत विचारलं. मग रोजच विचारत गेले. माझा दिवस त्या खोकल्यापासून सुरू व्हायचा, आणि ज्या दिवशी तो यायचा नाही त्या दिवशी मी कोणाचा फोनही घ्यायची नाही. अशी जवळजवळ तीन वर्षं.

भिंतीवर डाग आला तो गेल्या शरद ऋतूत. देवांच्या वर, संगमरवराच्या कडेपासून, आधी तळहाताएवढा, मग परातीएवढा. ओला, तपकिरी. रंगाला फुगे आले, फोड फुटून आतला चुना पिठासारखा देवांच्या डोक्यावर पडायला लागला. मी रोज फडक्यानं पुसत होते आणि कोणाला सांगत नव्हते. मग कौन्सिलचं पत्र आलं. शेजारच्या घरातही त्याच जागी ओल आली आहे, तपासणीसाठी अधिकारी येतील. अर्थात म्हाताऱ्यानंच लिहिलं असणार. मी पत्र वाचून त्याला मनातल्या मनात मराठीत जे काही म्हणायचं ते म्हटलं.

अधिकारी म्हणजे तिशीची एक मुलगी, पाठीवर बॅग, हातात टॉर्च आणि ओल मोजायचं यंत्र. तिनं बूट दाराशी काढले, म्हणून मी तिला चहा दिला. देवांपुढे ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं टॉर्च आत फिरवला. मग म्हणाली, "हे फार सुंदर आहे. आणि फार चुकीचं आहे."

तिनं समजावलं. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते, तिला वारा लागतो. आम्ही फळी ठोकून आणि सिमेंट-प्लास्टिकनं लिंपून धुराड्याचा वाराच बंद केला. वरून पाऊस आत पडतो, खालून निघायला वाट नाही, म्हणून तो भिंतीत मुरला. दोन धुराड्यांमधला विटांचा पडदाही बहुतेक कुजून पडला असावा. फळी काढायची, पडदा परत बांधायचा, चुन्यानं लिंपायचं. देव तिथे राहिले तरी तिची हरकत नव्हती, फक्त वर हवा खेळायला जागा ठेवायची.

"धुराड्यातून कधी आवाज येतात का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

चुन्याचं काम करणारा गवंडी तिनंच सुचवला. तो यायचा होता त्या दिवशी मी सर्दी झाल्याचं कळवलं. दुसऱ्या वेळी पाहुणे. तिसऱ्या वेळी पितृपंधरवडा आहे, या दिवसांत घर खोदत नाहीत, असं सांगितलं. पितृपंधरवडा उलटून दोन महिने झाले होते, पण त्याला काय कळणार. मुलीला मात्र कळलं.

"आई, हे लीगल मॅटर आहे. तू त्या माणूसला तीन वेळा कॅन्सल कसं करते? त्या शेजारच्याचा घर पण डॅमेज होतोय. व्हॉट आर यू स्केअर्ड ऑफ?"

मी म्हणाले, धुळीची ॲलर्जी. खरं काय सांगणार होते? तुझा बाप त्या भिंतीत आहे आणि भिंत उघडली की तो जाईल? तिनं मला दुसऱ्या दिवशी गाडीत घालून रीडिंगला नेलं असतं.

ती स्वतःच त्या शनिवारी आली आणि गवंड्याला दार उघडून मोकळी झाली. मग खालच्या बाजारात गेली, वांगी आणायला. मी देव एकेक करून ताम्हनात ठेवून तळघरात नेले. सात घंटांखाली, ओट्यावर, स्वच्छ पंच्यावर मांडले. वर छिन्नीचे घाव ऐकू येत होते. प्रत्येक घावाला मला वाटत होतं, आता. आता गेला.

शेवटी राहवेना, वर गेले. गवंडी पन्नाशीचा, जाडजूड, अंगावर काजळी. त्यानं फळी उतरवली होती. आतून दोन बादल्या भरून काटक्या निघाल्या होत्या, पक्ष्यांनी वर्षानुवर्षं टाकलेल्या. तो आत डोकं घालून वर टॉर्च मारत होता.

"हे बघा," म्हणाला. "पडद्याच्या तीन विटा गेल्यात. पलीकडचा उजेड दिसतोय."

मी वाकले. अंधाराच्या मागे, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर, पिवळसर उजेडाचा एक वेडावाकडा तुकडा होता. रेडिओवर कोणी हवामान सांगत होतं. आणि मग, अगदी स्पष्ट, मध्ये काहीच नसल्यासारखं, दोन आखूड, एक लांब.

"मॉर्निंग!" गवंडी त्या भोकात ओरडला.

"गुड मॉर्निंग," भिंतीतून म्हाताऱ्याचा आवाज आला.

मी जिन्यात जाऊन बसले. तीन वर्षं मी शेजारच्या म्हाताऱ्याची माफी मागत होते. ज्याला मी दारात उभं राहून नाही नाही ते बोलले होते, त्याची. आधी लाज वाटली, मग लाजेचा राग झाला. माझं तसंच आहे, लाज फार वेळ लाज राहत नाही. त्यानं ऐकलं रोज आणि एकदाही सांगितलं नाही? मराठी कळत नसेल, पण रडणं कळत नाही का? मी तशीच सपाता घालून बाहेर पडले, त्याच्या सात पायऱ्या चढले आणि दार ठोठावलं.

त्यानं लगेच उघडलं. किती वाळला होता. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "या. तुम्ही याल असं वाटलंच होतं." तो बोलला इंग्रजीत, मी इथे माझ्या भाषेत लिहिते आहे.

त्याच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं. ते आमचंच घर होतं, फक्त उलटं. जिना डावीकडे हवा तो उजवीकडे, दुहेरी दार समोरच्या बाजूला. सगळं ओळखीचं आणि सगळं चुकीच्या हाताला. आमच्याकडे जिथे आमचे फोटो आहेत तिथे कोरी भिंत. मी भिंतीला धरूनच पुढे गेले. मागच्या खोलीत, आमचे देव जिथे बसतात त्या कोपऱ्यात, काळं उघडं फायरप्लेस होतं आणि त्याला लागून एक खुर्ची. दोन पुरुष इतकी वर्षं एकमेकांना पाठ लावून बसले होते, मध्ये एक वीट.

मी म्हणाले, "तुम्ही मला ऐकत होता."

"हो."

"तीन वर्षं."

"हो. आधी त्यांना ऐकत होतो. घंटा झाली की मी घड्याळ लावायचो. ते खाकरायचे, मग मीही खाकरायचो. गंमत म्हणून. पुढे सवय झाली. तसे आम्ही बोलत नव्हतो, पण रोज सकाळी तेवढं व्हायचं." तो खुर्चीत बसला आणि मला समोरची दाखवली. "मग घंटा बंद झाली. आणि काही आठवड्यांनी परत सुरू झाली. मी रोज ठरवायचो, आज जाऊन सांगायचं. तुमच्या दारापर्यंत आलोही आहे. जमलं नाही. मग इथे बसून नुसता घसा साफ करायचो, बोलायला सुरुवात करावी म्हणून, आणि पुढे शब्द यायचे नाहीत."

"काय सांगायचं होतं?"

"कौन्सिलला पत्रही त्यासाठीच लिहिलं. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा तुम्ही भांडायला आला होतात."

मला हसू आलं असतं, पण त्यानं हात लांबवून रेडिओ बंद केला, तेव्हा आलं नाही.

"त्या रविवारी मी इथेच होतो," तो म्हणाला. "रेडिओ ऐकत होतो. ते खोकत होते, खूप वेळ. मला कार्यक्रम ऐकू येईना. मी रेडिओ मोठा केला. कार्यक्रम संपल्यावर बंद केला, तेव्हा खोकला थांबला होता. मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, समजलं का तुम्हाला? मग संध्याकाळी खिडकीतून ॲम्ब्युलन्स दिसली." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी भिंतीवर एकदा थाप मारू शकलो असतो. मला एवढंच विचारायचं आहे. त्यांच्याजवळ कोणी होतं का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. तीन वर्षं रोज पाठ केलेलं. नव्हतं, मीही दार लावलं होतं, मलाही काही ऐकू येत नव्हतं. या जगात एकच माणूस होता ज्याला ते पुरतं समजलं असतं, आणि तो माझ्यापुढे बसला होता. मी बोलले असते तर निदान दोघं झालो असतो. आणि त्याला उरलेल्या दिवसांत रोज त्या खुर्चीत बसून कळत राहिलं असतं, की भिंतीवर एक थाप पुरली असती.

"हो," मी म्हणाले. "मी होते. त्याचा हात माझ्या हातात होता."

तो रडला. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. मग त्याचे खांदे खाली आले, चेहरा सैल झाला, आणि तो उतरता चेहरा मी ओळखला. आमच्या जिन्यात, कोट न काढलेल्या मुलीच्या तोंडावर मी तो आधी एकदा पाहिला होता. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि थँक यू म्हणाला. तीनदा म्हणाला.

घरी आले तेव्हा मुलगी वांगी चिरत होती. म्हणाली, किती वेळ लावलास, भांडलीस का परत? मी म्हणाले, नाही, चहाला बसवलं. गवंड्यानं तोवर तीन नव्या विटा चुन्यात बसवल्या होत्या आणि तो ओल्या फडक्यानं कडा पुसत होता.

आता डाग वाळतो आहे. अधिकारी मुलगी दोनदा येऊन समाधानी होऊन गेली. मी पूजा करते, घंटा वाजवते, बोलत नाही. म्हातारा कचऱ्याचे डबे माझेही बाहेर ठेवतो आणि मला हवामान सांगतो. मुलगी म्हणते, आई, यू लुक बेटर. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हाताऱ्याला दोन्ही येत नाहीत. म्हणून इथे लिहिते. त्या रविवारी त्याच्याजवळ कोणी नव्हतं. दार मी लावलं होतं.